गिअरबॉक्स उतरवण्याआधी

आजची नोंद आंब्याची नाही, आंबा वाहणाऱ्या गाडीची आहे. तरी वाचा. यात चूक माझी आहे, आणि तीच चूक तुमच्याकडूनही सहज होऊ शकते.

एप्रिलचा दुसरा आठवडा. वाशीला जायच्या 70 पेट्या गाडीत लावून झाल्या होत्या. पाच डझनाची पेटी साधारण 18 किलोची धरा, म्हणजे सव्वा टनाच्या वर माल. गाडी आमची जुनी डिझेल पिकअप, क्लच दाबून हाताने गिअर टाकायची. खळ्यातून मागे घ्यायला रिव्हर्स टाकला तर खर्रर्र! दुसऱ्यांदा टाकला, परत तेच. तिसऱ्यांदा जोर लावला तेव्हा धाडकन पडला आणि गाडीने मागच्या माडावर जाईल असा हिसका दिला.

हे एका दिवसात झालं नव्हतं. पंधरा दिवस चाललं होतं. सकाळी थंड गाडीला पहिला गिअर थोडा जड जायचा. चढ चढून गाडी तापली की दुसऱ्यावरून पहिल्यावर येताना कुरकुर. मी मनाची समजूत घालत होतो, सीझन संपू दे, मग बघू. बागेत मोहोर काळा पडायला लागला तर आपण सीझन संपायची वाट बघतो का? पण गाडीच्या बाबतीत बघतो.

आठ दिवस आधी एका मिस्त्रींना दाखवलं होतं. त्यांनी एक फेरी मारली, आवाज ऐकला आणि सांगितलं, "सिंक्रो गेलेत. गिअरबॉक्स उतरवायला लागेल. चार दिवस गाडी इथं राहील, 25 हजार धरून चला." भर सीझनमध्ये चार दिवस गाडी नाही म्हणजे काय, हे बागायतदाराला सांगायला नको. झाडावर तयार झालेला आंबा थांबत नाही. म्हणून मी तशीच रेटत राहिलो.

त्या रात्री मात्र निघायची छाती झाली नाही. पुढे परशुराम घाट, भोस्ते घाट. भरलेली गाडी उतारावर असताना खालचा गिअर पडला नाही तर सगळा भार ब्रेकवर येतो. ब्रेक तापले की पेडल दाबूनही गाडी धरत नाही. पेट्या शेजाऱ्यांच्या गाडीत चढवल्या, भाडं गेलं, आणि मी एसटीच्या वर्कशॉपातून निवृत्त झालेल्या काकांना फोन लावला.

काकांनी गाडी बघितलीसुद्धा नाही. फोनवरच विचारायला लागले.

"इंजिन बंद ठेव नि एकेक गिअर टाकून बघ. पडतात काय?"

पडले. पाचही आणि रिव्हर्ससुद्धा, लोण्यात सुरी जावी तसे.

"मग गिअरबॉक्स सोड. बंद गाडीतही गिअर अडला असता तर काडी, लिव्हर नाहीतर आतला फोर्क बघायचा होता. आता इंजिन चालू कर, क्लच पूर्ण दाब, चार-पाच सेकंद थांब, मग रिव्हर्स टाक."

खर्रर्र.

"म्हणजे क्लच पूर्ण सुटत नाय. क्लच सुटला तर गिअरबॉक्सचा आतला शाफ्ट तेवढ्या वेळात थांबायला हवा. तो फिरतोय, म्हणून दाते घासतायत. आता पेडल भराभर तीन-चार वेळा मार नि लगेच गिअर टाक."

पडला! आवाज न करता.

"झालं तर. क्लचच्या तेलाची लाइन बघ. वरचा सिलिंडर, खालचा सिलिंडर, मधली नळी. बॅटरी घेऊन बाटलीत बघ नि मला सांग काय दिसतं."

यातलं वर्म सोपं आहे. पेडल दाबलं की वरचा सिलिंडर तेल ढकलतो, ते नळीतून खालच्या सिलिंडरला जातं, तो दांडा ढकलतो आणि क्लच सुटतो. लाइनमध्ये हवा असेल किंवा रबरी कप नीट धरत नसतील तर एका दाबात पुरेसं तेल जात नाही. भराभर पंप केलं की तात्पुरतं जातं. म्हणून गिअर पडतो.

मी बॅटरी मारून बाटलीत बघितलं आणि गप्प झालो. तेलाचे दोन थर दिसत होते. खाली काळपट, वर वेगळंच तेल तरंगत होतं.

मग आठवलं. फेब्रुवारीत फवारणीच्या गडबडीत क्लचच्या बाटलीतली पातळी कमी दिसली होती. एचटीपी पंपासाठी आणलेलं इंजिन ऑइल हाताशी होतं. तेच थोडं ओतलं होतं. तेल ते तेल, असं म्हणून. मीच.

क्लचच्या लाइनमध्ये ब्रेक ऑइल असतं. नावात ऑइल असलं तरी ते खनिज तेल नव्हे. त्यातले रबरी कप ब्रेक ऑइलसाठीच बनवलेले असतात. त्यांना इंजिन ऑइल, हायड्रॉलिक ऑइल किंवा डिझेल लागलं की ते फुगतात, मऊ पडतात आणि धरायचे बंद होतात. दोन्ही तेलं एकमेकांत मिसळत नाहीत, म्हणून थर दिसतात.

काका क्षणभर बोलले नाहीत. मग एवढंच विचारलं, "ब्रेकच्या बाटलीत तर नाय ना टाकलंस?"

मंडळी, त्या प्रश्नाने पोटात गोळा आला. आमच्या गाडीत दोन्ही बाटल्या वेगळ्या आहेत म्हणून वाचलो. काही गाड्यांत क्लच आणि ब्रेकला एकच बाटली असते. तसं असतं तर घाटात गिअरच नाही, ब्रेकही गेले असते, आणि गाडीत माझ्या शेजारी मुलगा असतो.

दुसऱ्या दिवशी पहिल्या मिस्त्रींकडेच गेलो आणि खरं काय ते सांगितलं. ते म्हणाले, "हे तुम्ही त्या दिवशी सांगितलं नाहीत." मी म्हटलं, "तुम्ही विचारलं नाहीत." दोघंही हसलो. खालून रबरी बूट ओढून बघितला तर तेल ओघळत होतं. म्हणजे फेब्रुवारीत पातळी कमी झाली ती या गळतीमुळे. क्लचच्या बाटलीतलं तेल उगाच कमी होत नाही. कमी झालं म्हणजे कुठंतरी गळतंय. मी गळती शोधायची सोडून वरून ओतत बसलो, तेही चुकीचं.

दोन्ही सिलिंडर आणि रबरी नळी नवीन टाकली, मधला पाइप धुऊन घेतला, नवं ब्रेक ऑइल भरून हवा काढली. ब्रेकची बाटलीही उघडून तपासून घेतली. दुपारपर्यंत काम झालं, मजुरीसकट 3,400 रुपये. 25 हजारांच्या जागी.

मिस्त्रींना दोष देत नाही. पंधरा दिवस दाते घासून मी जो गिअर टाकत होतो तो असाच टाकत राहिलो असतो तर सिंक्रो खरंच गेले असते. त्यांचं निदान मीच खरं करत होतो.

आता कामाचं. गिअर नीट पडत नसेल तर याच क्रमाने बघा. गाडी सपाट जागी, रिकामी, हँडब्रेक ओढलेला, चाकाला दगड, आणि पुढेमागे कुणी उभं नको.

इंजिन बंद असतानाही गिअर अडतो: काडी, लिव्हर, जोडण्या, मग आतला फोर्क.

बंद असताना पडतो, चालू असताना घासतो: क्लच सुटत नाही. तेलाची पातळी, गळती, हवा, पेडलचा खेळ.

एकच ठरावीक गिअर चालताना घासतो, बाकी ठीक: त्या गिअरचा सिंक्रो. इथं मिस्त्री बरोबर असतो.

गिअर पडतो पण चढावर सुटून न्यूट्रल होतो: आतली स्प्रिंग, फोर्क किंवा गिअरबॉक्सचं माउंटिंग.

गिअर पडतो, इंजिन ओरडतं, गाडी पुढे जात नाही: क्लच प्लेट घसरतेय.

गिअरबॉक्सचं तेलही गाडीच्या पुस्तकात लिहिलेल्या ग्रेडचंच घाला. जुन्या गिअरबॉक्समध्ये पितळी सिंक्रो असतील तर चुकीच्या ग्रेडमधलं रसायन त्यांना खातं. आपल्याकडच्या पावसात ब्रेक ऑइल हवेतलं पाणी ओढून घेतं, म्हणून ते दोन वर्षांतून एकदा बदलायचं. ऑटोमॅटिक गिअरच्या गाडीत क्लचचं पेडल नसतं, पण पहिली पायरी तिथंही तेलाचीच: पातळी, रंग, वास. जळका वास आला तर गाडी पुढे रेटू नका.

आता बागेचं एक सांगतो, म्हणजे मी का चिडलोय ते कळेल. मोहोरावर, पानावर काळी बुरशी दिसली की नवखा माणूस थेट बुरशीनाशक मारतो. आपण त्याला सांगतो, अरे, पान उलटून बघ, मोहोर झटकून बघ. तुडतुडे गोड चिकट द्रव सोडतात, त्यावर ही बुरशी वाढते. आधी तुडतुडे. दुसऱ्याला हे सांगणारा मी, स्वतःच्या गाडीचं पान उलटून बघायला पंधरा दिवस लावले. फवारणीच्या बाटलीवरचं लेबल चष्मा लावून वाचतो, आणि क्लचच्या झाकणावर कोरलेली अक्षरं इतक्या वर्षांत वाचली नव्हती.

आता त्या झाकणावर पांढऱ्या रंगाने मोठं लिहिलंय: फक्त ब्रेक ऑइल. एचटीपीच्या ऑइलचा डबा गोठ्यात ठेवलाय, गाडीपासून लांब. आणि फवारणीच्या वहीतली शेवटची चार पानं गाडीसाठी ठेवलीत. काय टाकलं, कधी टाकलं, किती टाकलं.

परवा 65 पेट्या घेऊन वाशीला जाऊन आलो. दोन्ही घाटांत गिअर एका हाताने पडत होता. मुलगा शेजारी झोपला होता.