दुःख कबूल करणारी गाणी आणि आपली चळवळ



२० मार्च २०२२ हा दिवस आम्हाला दोन कारणांनी लक्षात राहिला. त्या दिवशी महाडच्या चवदार तळ्याच्या सत्याग्रहाला ९५ वर्षं पूर्ण झाली. जुन्नर-आंबेगावच्या आमच्या व्हॉट्सअॅप ग्रुपवर सकाळपासून अभिवादनाच्या पोस्टी पडत होत्या. दुसऱ्या दिवशी त्याच पोस्टींच्या खाली आमच्यातल्या एका पोराने एका तरुणाचा फोटो टाकला आणि एवढंच लिहिलं, ‘तोडफोड गेला.’ बराच वेळ कुणी काही बोललं नाही. मग एका ज्येष्ठ कार्यकर्त्याने विचारलं, ‘कोण हा? आपला का?’

त्या प्रश्नाचं उत्तर त्या दिवशी आम्ही कुणीच दिलं नाही. आज द्यायचं आहे. कारण तो प्रश्न एका रॅपरपुरता नव्हता हे आम्हाला फार उशिरा कळलं.

तोडफोड म्हणजे धर्मेश परमार. मुंबईचा पोरगा, रॅप करायचा तो गुजरातीत. एमसी तोडफोड हे त्याने स्वतः घेतलेलं नाव. वयाच्या २४ व्या वर्षी तो गेला. ‘स्वदेशी’ नावाच्या मुंबईच्या गटात तो होता. या गटात कुणी मराठीत, कुणी हिंदीत, कुणी गुजरातीत गातो. प्रत्येकाने आपल्या घरात बोलली जाणारी भाषा घेऊन माईकपुढे उभं राहायचं, ही त्यांची रीत. २०१९ साली ‘गली बॉय’ सिनेमा आला. त्यातल्या ‘इंडिया ९१’ या गाण्यात वेगवेगळ्या भाषांतले रॅपर एकत्र आले, त्यात तोडफोडही होता. त्याआधीपासून तो मृदंगवादक विवेक राजगोपालन यांच्या ‘ता धोम’ प्रकल्पात होता. कर्नाटक संगीतातली तालाची मोजदाद, ते अवघड बोल, ही पोरं शिकली आणि ती रॅपमध्ये आणली. ज्या संगीताच्या दारावर शेकडो वर्षं जातीचा पहारा होता, त्या संगीताचं गणित गल्लीतल्या पोरांनी तोंडपाठ केलं आणि आपल्या कामाला लावलं. आमच्या मते तोडफोड या नावाचा खरा अर्थ इथे आहे. त्याने दार तोडलं आणि आतलं ज्ञान बाहेर आणलं.

त्याच २०१९ साली ‘स्वदेशी’ने ‘द वारली रिव्होल्ट’ हे गाणं केलं. आरे जंगलातले आदिवासी कार्यकर्ते आणि कलावंत प्रकाश भोईर यांना सोबत घेऊन. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये मेट्रोच्या कारशेडसाठी आरेत रात्रीतून झाडं तोडली गेली, विरोध करणाऱ्या तरुणांना अटक झाली, हे तुम्हाला आठवत असेल. ते गाणं मुंबईचं असलं तरी आमच्या पश्चिम पट्ट्यातल्या पोरांना ते आपलं वाटलं, आणि यात नवल काही नाही. आमच्या तालुक्याचं नाव आंबेगाव, पण मूळ आंबेगाव गाव आज डिंभे धरणाच्या पाण्याखाली आहे. धरणाच्या जलाशयाला हुतात्मा बाबू गेनूचं नाव आहे, पाणी कालव्यांनी खालच्या बागायतीला जातं, आणि वरच्या महादेव कोळी वाड्या उन्हाळ्यात टँकरकडे डोळे लावून बसतात. ३० जुलै २०१४ ला माळीण डोंगराखाली गाडलं गेलं, दीडशेवर माणसं गेली. आरेच्या आदिवासींचं दुखणं आमच्या पोरांना कुणी समजावून सांगावं लागलं नाही.

ज्या पोराने तो फोटो टाकला होता, तो याच भागातला. त्याचं नाव आम्ही लिहिणार नाही. त्याच्या मोबाईलमध्ये तोडफोड होता आणि दुसरा एक गायक होता, ज्यूस वर्ल्ड. हे नाव आम्ही तेव्हा पहिल्यांदा ऐकलं. नंतर त्याच्याबद्दल वाचलं, त्याची गाणी ऐकली, तेव्हा कळलं की आमच्या पोरांच्या कानात काय चालू असतं.

ज्यूस वर्ल्ड म्हणजे जॅरड हिगिन्स. अमेरिकेतल्या शिकागोचा काळा पोरगा, जन्म २ डिसेंबर १९९८ चा. रॅपच्या ठेक्यावर मनाची घुसमट, प्रेमभंग, भीती, नशा हे सगळं उघडपणे बोलणाऱ्या गाण्यांना इमो रॅप म्हणतात. त्यातलं हे मोठं नाव. २०१८ साली त्याचं ‘ल्युसिड ड्रीम्स’ जगभर वाजलं. ८ डिसेंबर २०१९ ला, एकविसाव्या वाढदिवसानंतर सहाच दिवसांनी, तो गेला. वेदनाशामक औषधांचा अतिरेक हे कारण निघालं. त्याच्या मरणानंतरही त्याचे अल्बम निघत राहिले आणि विकले जात राहिले. मात्र त्याच्या आईने, कार्मेला वॉलेस यांनी, दुसरी वाट धरली. २०२० साली त्यांनी मुलाच्या नावाने निधी उभा केला आणि नैराश्यात, नशेत अडकलेल्या तरुणांसाठी काम सुरू केलं. कंपन्यांनी त्याच्या आवाजातून पैसा काढला आणि आईने त्याच्या दुःखातून काम काढलं. वारसा म्हणतात तो यातला कोणता, हे तुम्हीच ठरवा.

आता आमच्या चुकीकडे येतो.

त्या वर्षीच्या १४ एप्रिलच्या तयारीची बैठक होती. कोरोनाच्या दोन वर्षांनंतरची जयंती, त्यामुळे उत्साह दांडगा. डीजे कुठला, रथ किती फुटी, कमान कुठे, यावर दोन तास चर्चा झाली. शेवटी हा पोरगा उठला आणि म्हणाला, ‘दादा, मला दहा मिनिटं द्या. माझं स्वतःचं गाणं आहे.’ आम्ही तिथेच ऐकवायला सांगितलं. त्याने मोबाईलवर ठेका लावला आणि म्हणायला लागला. बापाची दारू, चाकणच्या कंपनीतली ठेकेदाराकडची रात्रपाळी, आणि एक मुलगी, जिच्या घरच्यांनी त्याचं आडनाव विचारलं आणि दुसऱ्या दिवसापासून तिचा फोन बंद झाला. गाण्यात बाबासाहेब नव्हते, निळा झेंडा नव्हता. आमच्यातलाच एकजण म्हणाला, ‘अरे, हे रडगाणं आहे. जयंतीला जोश पाहिजे.’ बाकीचे हसले. आम्ही त्या हसण्यात होतो.

तो पुढच्या बैठकीला आला नाही, त्याच्या पुढच्याही नाही. आम्ही विचारलं नाही. पावसाळ्यात एका पहाटे त्याच्या आईचा फोन आला. पोरगा दवाखान्यात होता. तो वाचला. आज तो बरा आहे, कामावर आहे, आणि हे लिहायला त्यानेच परवानगी दिली आहे. पण तो वाचला यात आमचं श्रेय शून्य आहे. शेजारच्या मावशीने वेळेत दार ठोठावलं म्हणून तो वाचला.

दवाखान्याच्या बाकावर बसून आम्ही स्वतःला जे विचारलं, तेच आता तुम्हाला विचारतो. त्याचं गाणं रडगाणं होतं का?

प्रेम हा आपल्याकडे खासगी मामला कधी होता? खर्ड्याचा नितीन आगे १७ वर्षांचा होता. वरच्या जातीच्या मुलीशी बोलतो या संशयावरून २८ एप्रिल २०१४ ला त्याला मारून टाकलं. ज्या समाजात मुलीशी बोलण्याची किंमत अशी मोजावी लागते, तिथे आडनावावरून तुटलेल्या नात्याचं गाणं हे जातीच्या विरोधातलंच गाणं आहे. रात्रपाळीचं गाणं कंत्राटी पद्धतीच्या विरोधातलं आहे. त्यात घोषणा नव्हती म्हणून आम्हाला त्यातलं राजकारण दिसलं नाही. जानेवारी २०१६ मध्ये रोहित वेमुला गेला तेव्हा आपणच रस्त्यावर उतरून सांगितलं होतं की हे एकट्याचं नैराश्य नाही, ही संस्थात्मक हत्या आहे. मग आपल्याच वस्तीतला जिवंत पोरगा तेच दुःख घेऊन समोर उभा राहतो, तेव्हा आपण त्याला जोश कमी पडतो म्हणून खाली कसं बसवतो?

काही साथी म्हणतात, हे इमो रॅप वगैरे अमेरिकेतलं फॅड आहे, पोरांना हळवं करतं, नशेकडे नेतं, चळवळीचं पोरगं कणखर पाहिजे. या आक्षेपात तथ्य अजिबात नाही असं आम्ही म्हणत नाही. मरणाला सुंदर करून विकणारा बाजार आहेच, आणि त्यापासून पोरांना सावध करायलाच हवं. पण दुःख बोलू नका असं सांगून पोरगं कणखर होत नाही, ते एकटं पडतं. आणि एकट्या पडलेल्या पोराला हेरायला बाजारही टपलेला असतो, नशाही, आणि धर्माच्या नावाने तलवार हातात देणारेही.

बाबासाहेबांनी आपल्याला दिलेला धम्म काय सांगतो? दुःख आहे हे मान्य करणं आणि ते दूर करण्याचा मार्ग दाखवणं, हा त्याचा पाया. दोन्ही गोष्टी एकत्र. ज्यूस वर्ल्डच्या गाण्यांनी पहिली गोष्ट केली. दुःख आहे असं करोडो पोरांच्या वतीने कबूल केलं, पण मार्ग सापडायच्या आत तो गेला. आपण दुसऱ्या गोष्टीत तरबेज आहोत. शिका, संघटित व्हा, संघर्ष करा हा मार्ग आपल्याला पाठ आहे. पण पहिली पायरी आपण गाळली आहे. दुःख कबूल केल्याशिवाय सांगितलेला मार्ग म्हणजे नुसता हुकूम. तोडफोड आणि त्याचे साथी आम्हाला महत्त्वाचे वाटतात ते यासाठी, की त्यांनी घरच्या भाषेत स्वतःचंही सांगितलं आणि आरेच्या आदिवासीचंही, आणि ते एकट्याने न सांगता गटाने सांगितलं. त्या ज्येष्ठांना आता आमचं उत्तर आहे, होय काका, तो आपला.

कलावंताची कला घ्यायची आणि माणूस विसरायचा, ही सवय आपल्याकडे जुनी आहे. नारायणगाव आमच्या जुन्नर तालुक्यातलं. तिथे चैत्रात तमाशाच्या फडांच्या राहुट्या लागतात, गावोगावचे पुढारी येऊन यात्रेच्या सुपाऱ्या ठरवतात. विठाबाई भाऊ मांग नारायणगावकर याच मातीतल्या. मातंग समाजातली ही बाई भरल्या दिवसांनी फडावर नाचली, बाळंत झाली, असं सगळा महाराष्ट्र कौतुकाने सांगतो. त्या कौतुकात कुणी विचारत नाही की त्या रात्री तिला सुट्टी का नव्हती. राष्ट्रपतींच्या हस्ते गौरव झालेल्या विठाबाईंचे शेवटचे दिवस हलाखीत गेले, २००२ साली त्या गेल्या, आणि आता त्यांच्या नावाने सरकार पुरस्कार देतं.

सरकारला नावं ठेवणं सोपं आहे. ११ जुलै १९९७ ला रमाबाई नगरात गोळीबार झाला, दहा जण मारले गेले. त्यानंतर काही दिवसांतच लोकशाहीर विलास घोगरे यांनी आपलं जीवन संपवलं. ज्या आवाजाने हजारोंना उभं केलं, तो माणूस आपल्या खोलीत एकटा होता. आज आपण त्यांची गाणी गातो, त्यांच्यावर सुरू झालेला आनंद पटवर्धनांचा ‘जय भीम कॉम्रेड’ पाहून डोळे पुसतो. पण शाहिराला कसा आहेस म्हणून विचारायची पद्धत आपल्या चळवळीत आजही पडलेली नाही.

आमच्या तालुक्यात खोडदला जगप्रसिद्ध जीएमआरटी दुर्बीण आहे. ४५ मीटर व्यासाच्या तीस तबकड्या आकाशातून येणारे अतिशय क्षीण संदेश टिपत बसलेल्या असतात. आम्ही पाहुण्यांना अभिमानाने ती दाखवायला नेतो. आणि तीन घरं सोडून राहणाऱ्या पोराचा आवाज मात्र डीजेच्या भिंतीपुढे आम्हाला ऐकू आला नव्हता.

म्हणून आम्ही काही गोष्टी ठरवल्या आहेत. जयंतीच्या वर्गणीतला एक ठरावीक हिस्सा डीजेला न देता वस्तीतल्या गाणाऱ्या, लिहिणाऱ्या पोरापोरींना मानधन म्हणून द्यायचा. दरवर्षी एक संध्याकाळ त्यांच्या स्वतःच्या गाण्यांसाठी ठेवायची, आणि तिथे हे आंबेडकरी आहे की नाही याची परीक्षा घ्यायची नाही. लेण्याद्रीच्या पायथ्याशी दर महिन्याला आम्ही बसतो, तिथे भाषणाआधी प्रत्येकाने आपलं कसं चाललंय ते सांगायचं. डोंगरावरच्या त्या लेण्यांमध्ये दोन हजार वर्षांपूर्वी भिक्खू राहत होते, आजूबाजूच्या कारागिरांच्या श्रेणींनी त्यांना दानं दिली, तसे शिलालेख जुन्नरच्या लेण्यांत आहेत. एकमेकांची काळजी घेणाऱ्या माणसांचा संघ ही काही परदेशी कल्पना नाही, ती आमच्या डोंगरात कोरलेली आहे.

आणि एक गोष्ट आज, आत्ता. रात्र काढणं जड जात असेल तर १४४१६ हा नंबर मोबाईलमध्ये टाकून ठेवा. टेली-मानस ही सरकारी सेवा आहे, फुकट आहे, चोवीस तास चालते, मराठीत बोलता येतं. मदत मागणं हा कमकुवतपणा नाही. आणि जो साथी अचानक बैठकीला येईनासा झाला, त्याच्या घरी जा. फोन करू नका, जा.

त्या पोराने मागच्या जयंतीला त्याचं गाणं म्हटलं. दहा मिनिटं डीजे बंद होता. पुढच्या रांगेत त्याची आई बसली होती. गाण्यात त्याने एक नवं कडवं घातलं आहे, दार ठोठावणाऱ्या मावशीवर.

जयभीम!