खाण्यासाठी कलकत्ता

"माणसे देवदर्शनाला जातात, नुसते खायला कलकत्त्याला?" आमच्या सौ. हसल्या. मी मात्र कागद-पेन्सिल घेऊनच बसलो होतो. मुलांच्या सुटीचा मे महिना धरला. सकाळी कचोरी, दुपारी माशाचा झोल, रात्री बटाटा घातलेली बिर्याणी. १८५६ साली राज्य गमावलेला अवधचा नवाब वाजिद अली शाह कलकत्त्याला आला आणि त्याच्यामागून लखनौचे खाणेही आले. यादी सतरा पदार्थांची झाली!

आईने ती ऐकली आणि हळूच विचारले, "नोलेन गुळाचा संदेश नाही त्यात?" पन्नास वर्षांपूर्वी बाबांनी कचेरीच्या कामाहून परतताना तो आणला होता. चव ती अजून विसरलेली नाही.

चौकशी केली. हा गूळ आपल्या शिंदीच्या झाडाच्या रसाचा, आणि तो रस काढतात थंडीत. मे महिन्यात ताजा गूळ कुठला?

मे खोडून जानेवारी लिहिला. मुलांची शाळा चार दिवस बुडेल, बुडो. सतरांतले बारा पदार्थही खोडले. आईच्या गुडघ्यांना झेपेल असे दिवसाला एकच ठिकाण ठेवले. ती शहात्तर वर्षांची आहे. कलकत्ता कुठे पळत नाही, पण पुढच्या थंडीचा भरवसा कुणी द्यावा?

तिकिटे काढली आहेत.