घडी मोडताना

नवे वस्त्र प्रथम अंगावर घेणे याला आपल्या भाषेत 'घडी मोडणे' असे म्हणतात. आमच्या घरी नवी साडी आली की आई ती स्वतः न नेसता आधी आत्याला किंवा शेजारच्या काकूंना देई आणि म्हणे, "एकदा नेसून घडी मोडा." ज्या वस्त्राची घडी आपल्या माणसाने मोडली ते वस्त्र टिकते, अशी तिची समजूत होती. वकिलीची सनद मिळाल्यावर मी एकदा तिला या समजुतीचा पुरावा मागितला होता. पुरावा मला मिळाला; परंतु तो तिच्या पश्चात, आणि माझ्याच विरुद्ध.

आईजवळ एक महेश्वरी शेला होता. वडिलांनी तो १९८१ साली महेश्वरहून आणला. डाळिंबी रंग, आणि काठावर विटेची नक्षी. थंडीच्या दिवसांत खजराण्याच्या गणपतीला जाताना ती तो खांद्यावरून घेई. देवळातून परतल्यावर त्याला कापराचा आणि उदबत्तीचा मिळून असा काही वास येई, की तो शेला आणि तो वास या दोन वस्तू निराळ्या आहेत हे मला बरीच वर्षे ठाऊक नव्हते.

आई गेल्यावर घरातील वस्तूंची वाटणी झाली. यादी मी केली. दागिने, भांडी, देव्हारा यांविषयी ताईचा आणि माझा एका शब्दाचाही वाद झाला नाही. वाद झाला तो शेल्यावरून. ताई म्हणाली, "मला दे. मी वापरीन." मी म्हणालो, "वापरलास तर चार वर्षांत विरेल. माझ्याकडे राहिला तर जपला जाईल." अखेर चिठ्ठ्या टाकल्या आणि शेला माझ्याकडे आला. मी तो मलमलीत गुंडाळला, कडुनिंबाचा पाला घातला आणि सागवानी पेटीत ठेवून दिला. न्याय झाला, असे मला त्या वेळी मनापासून वाटले होते.

त्यानंतर बारा वर्षांनी दिवाळीला ताई गोव्याहून आली. परदेशी नोकरीस असलेली माझी भाचीही तिच्याबरोबर होती. भाचीला रेशमी रुमाल जमविण्याचा छंद आहे. रुमाल म्हणजे खिशातला नव्हे. गळ्याभोवती किंवा डोक्याला बांधावयाचा चौरस. तिने एका नारिंगी पेटीतून असा एक चौरस काढला आणि त्या वस्तूचे पुराणच आम्हांला ऐकविले. पॅरिसच्या एर्मेस या पेढीने पहिला रुमाल १९३७ साली काढला. पेढी मूळची घोड्यांच्या खोगिरांची आणि लगामांची. त्या पहिल्या रुमालावरचे चित्र एका जुन्या पटावरच्या खेळावरून घेतलेले होते. रुमालाची बाजू ९० सेंटिमीटर. प्रत्येक रंगासाठी छपाईची निराळी चौकट, आणि कडा हाताने वळून हातानेच शिवलेल्या. लंडनमध्ये झिका आणि लिडा अॅशर या दांपत्याने १९४० च्या दशकात हेन्री मूर व मातीस यांसारख्या कलावंतांची चित्रे रुमालांवर उतरविली, आणि असे रुमाल लोक भिंतीवर चौकटीत लावू लागले. "मामा, ही बघ," असे म्हणून तिने चित्रातल्या पानांच्या गर्दीत लपलेली चित्रकाराची सही मला दाखविली. ती सही शोधून काढण्यातच जमविणाऱ्याचा अर्धा आनंद असतो, असे ती म्हणाली.

मला तिच्या उत्साहाचे कौतुक वाटले, आणि थोडी ईर्षाही. आमच्याही घरी असे काही आहे, हे तिला दाखवावे म्हणून मी पेटी उघडली. शेला बाहेर काढून उलगडला, आणि तो घडीघडीवर फाटत गेला. रेशमाचे उभे धागे प्रत्येक घडीवर तुटलेले होते. सुताचे आडवे धागे मात्र शाबूत. रंग जसाच्या तसा, काठ जसाच्या तसा; आणि मध्ये शिडीसारख्या फटी. बारा वर्षे एकाच रेषेवर मुडपून राहिलेले रेशीम त्याच रेषेवर मोडले होते. घडी मोडली नव्हती. घडीनेच शेला मोडला होता.

ताई समोरच बसली होती. ती काही बोलली नाही. ती बोलली असती तर मला बरे वाटले असते.

पुढच्या रविवारी मी तो शेला घेऊन महेश्वरला गेलो. इंदूरहून महू आणि मानपूरचा घाट उतरून धामनोदमार्गे गेले की नव्वद-पंचाण्णव किलोमीटरांवर नर्मदेच्या काठी हे गाव लागते. १७६७ साली कारभार हाती घेतल्यावर अहिल्याबाईंनी आपली राजधानी येथे आणली. विणकरांना त्यांनीच येथे वसविले आणि दरबारी आलेल्या पाहुण्यांना देण्यासाठी साड्या-पागोटी विणवून घेतली, असे परंपरा सांगते. पुढे १८१८ साली राजधानी इंदूरला गेली. माग मात्र महेश्वरलाच राहिले. संस्थाने विलीन झाल्यावर मागांना उतरती कळा लागली. १९७० च्या दशकाच्या अखेरीस रिचर्ड होळकर आणि सॅली होळकर यांनी रेवामाईच्या नावावरून 'रेहवा' ही संस्था काढली आणि किल्ल्यात पुन्हा धोट्याचा आवाज सुरू झाला.

महेश्वरी काठाची नक्षी पुस्तकातली नाही. ती घाटावर उभे राहिले की दिसते. वीट, चटई, हिरा, लहर, चमेलीचे फूल ही तिची नावे. किल्ल्याच्या भिंतीवरचे दगडी काम आणि नर्मदेच्या लाटा यांनाच विणकरांनी धाग्यात आणले आहे. अस्सल काठ उलटा-सुलटा दोन्हीकडून सारखा दिसतो.

तेथील बहुतेक जुने विणकर मोमीन अन्सारी समाजाचे. अशाच एका वृद्ध कारागिराच्या घरी मी शेला उलगडला. त्याने तो डोळ्यांनी पाहण्याआधी बोटांनी पाहिला. मग म्हणाला, "वकीलसाहेब, रफू होईल, पण टिकणार नाही. रेशीम आतून संपले आहे." थोड्या वेळाने एका जागी बोट ठेवून तो म्हणाला, "हा दोन हातांनी विणला आहे. येथपर्यंत ठोका जड आहे, येथून हलका. मध्ये पहिला माणूस उठला आणि दुसरा बसला."

"कोण होते ते?" मी विचारले.

"आता कसे सांगणार? तेव्हा विचारले असते तर कळले असते."

हे उत्तर ऐकून मला माझ्या भाचीच्या रुमालातली सही आठवली. तेथे चित्रकाराचे नाव पानाआड लपलेले का होईना, पण आहे. येथे दोन माणसांचा हात कापडात इतका स्पष्ट उमटलेला की दुसरा विणकर तो बोटांनी वाचतो. आणि नाव मात्र कोठेच नाही.

कायद्याने या बाबतीत काहीच केले नाही असे नाही. १९८५ च्या कायद्याने काही वाण हातमागासाठी राखून ठेवले आणि १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाने तो कायदा वैध ठरविला. भौगोलिक मानांकनाचा १९९९ चा कायदा २००३ पासून अमलात आला आणि महेश्वरच्या साड्या-वस्त्रांची त्याखाली नोंदही झाली. म्हणजे मागाला संरक्षण मिळाले, गावाच्या नावाला संरक्षण मिळाले. नक्षीचा अधिकार नोंदवावयाचा तर ती नवी असावी लागते. आणि विटेची नक्षी नवी आहे असे शपथेवर कोण सांगणार? ती साऱ्या गावाची आहे, आणि हे योग्यच आहे. परंतु अमुक एक शेला अमुक एका माणसाने विणला, एवढे ध्यानात ठेवण्यासाठी कोणत्याही अधिनियमाची गरज नव्हती. विकत घेणाऱ्याने नाव विचारले असते तर भागले असते. वडिलांनी विचारले नाही. आईने विचारले नाही. आणि जपणुकीची एवढी प्रौढी मिरविणाऱ्या मलाही बारा वर्षांत तो प्रश्न सुचला नाही.

मी त्या वृद्धाला तसाच डाळिंबी शेला आणि तोच विटेचा काठ विणावयास सांगितले. त्या वेळी त्याच्या मागावर नवा ताणा चढत होता. घरातील एक मुलगी खाली बसून जुन्या ताण्याच्या टोकाशी नव्या ताण्याचा एकेक धागा बोटांनी वळून जोडीत होती. असे हजारो धागे जोडल्याखेरीज विणकाम सुरू होत नाही. ती मान वर न करता जोडीत होती आणि मी कितीतरी वेळ पाहत उभा होतो.

शेला तयार झाल्यावर मी आणावयास गेलो आणि विणणाऱ्यांची नावे विचारली. वृद्धाला नवल वाटले; पण त्याने दोन नावे सांगितली, एक स्वतःचे आणि एक सुनेचे. "घरी लिहून ठेवा," तो म्हणाला, "छापू नका." म्हणून ती नावे मी येथे देत नाही. शेल्याच्या मलमलीवर मात्र ती शाईने लिहिलेली आहेत.

पौषात मी शेला घेऊन गोव्याला ताईकडे गेलो. तिच्या पुढ्यात ठेवला आणि म्हणालो, "घडी तू मोड." बारा वर्षांपूर्वीच्या यादीवर माझ्याकडून एवढीच काय ती दुरुस्ती शक्य होती. तिने मलमलीवरची दोन्ही नावे वाचली, शेला खांद्यावर टाकला आणि म्हणाली, "चल, देवीला जाऊन येऊ."

देवळात त्या दिवशी पावणी होती. गोव्याकडच्या वाचकांना हे सांगणे नको. इतरांसाठी सांगतो की देवीला वाहिलेल्या वस्त्रांचा आणि फळांचा तेथे भक्तांसमोर लिलाव होतो, त्याला पावणी म्हणतात. देवीच्या अंगावरून उतरलेली साडी लोक बोली चढवून घेतात. लिलाव म्हटला की जमविणारे आलेच, असे मला वाटले. पण घेतलेली साडी पेटीत नेण्यासाठी कोणी घेत नव्हते. शेजारची एक बाई सुनेच्या ओटभरणासाठी घेत होती, दुसरी मुलीच्या लग्नासाठी. देवीने घडी मोडलेले वस्त्र आता घरच्या माणसाने नेसावयाचे, एवढाच त्या बोलीचा हेतू.

आईचा जुना शेला मी बरोबर नेला होता. ताईने त्याचा शाबूत राहिलेला काठाकडचा तुकडा कापून घेतला आणि त्यात पोथी बांधली. पोथी रोज सोडावी लागते आणि रोज बांधावी लागते. म्हणजे घडी एका जागी राहावयाची नाही.

देवळाच्या पायऱ्या उतरताना ताईच्या नव्या शेल्याचा पदर दगडावरून घासत चालला होता. "अगं, मळेल," असे शब्द माझ्या ओठांपर्यंत आले. ते मी तसेच गिळले.