पाथरीसाठी दोन सुलतानांची लढाई

पाथरी, जि. परभणी

चि. सोनू,


ऱ्हाईनकाठचे किल्ले पाहून तू विचारलंस, मामा, त्या काळात आपल्याकडे काय चाललं होतं? तिकडे १५१७ साली मार्टिन ल्यूथरनं पोपच्या सत्तेला आव्हान दिलं. पुढच्याच वर्षी इकडे दख्खनचे दोन सुलतान आपल्या पाथरीवरून लढले.

पाथरी म्हटलं की आज लोकांना साईबाबा आठवतात. पण अहमदनगरच्या निजामशाही घराण्याचं मूळही इथलंच. त्याच दरबारात वाढलेल्या फरिश्ता या इतिहासकारानं ही हकिगत लिहून ठेवली आहे. पाथरीच्या कुलकर्ण्यांचं एक कुटुंब विजयनगरच्या मुलखात गेलं होतं. बहमनी फौजेनं तिथून त्यांचं लहान पोर धरून नेलं. ते मुसलमान झालं, मलिक हसन म्हणून वाढलं आणि पुढे बहमनी राज्याचा सगळा कारभार त्याच्या हाती आला. त्याचा मुलगा अहमद यानं १४९० साली स्वतःची गादी मांडली.

अहमदचा मुलगा बुऱ्हाण. तेव्हा पाथरी होती वऱ्हाडच्या इमादशहाकडे. बुऱ्हाणनं आधी रीतसर निरोप धाडला: आमच्या पूर्वजांचं गाव आम्हाला द्या, बदल्यात जास्त उत्पन्नाचा परगणा घ्या. इमादशहानं नकार दिला, वर पाथरीत किल्ला बांधायला काढला. मग बुऱ्हाण वेरूळ-दौलताबाद पाहण्याच्या निमित्तानं बाहेर पडला आणि फौज थेट पाथरीवर घातली. पुढे हे गाव त्यानं इथल्या आपल्या ब्राह्मण भाऊबंदांना इनाम देऊन टाकलं.

मला सगळ्यात मोलाचं वाटतं ते हे इनाम. आजोबांच्या वेळीच धर्म बदललेला, नातू सुलतान झालेला, तरी गावची नाती त्यानं तोडली नाहीत. आणि समोरच्या इमादशहाचा बापही विजयनगरहून पकडून आणलेलं हिंदूचंच पोर होता!

पुढे १५७४ साली निजामशाहीनं वऱ्हाडच गिळलं. १५९६ मध्ये निजामशाहीचा कारभार पाहणाऱ्या चांदबिबीला ते मोगलांना द्यावं लागलं आणि १५९७ साली आपल्या सोनपेठच्या परिसरात दख्खनी फौजांची मोगलांशी मोठी लढाई झाली. खानदेशचा राजा अलीखान मोगलांकडून लढताना तीत पडला.

आपलं मध्ययुग म्हणजे नुसतं दोन धर्मांचं भांडण, असं तुला तिकडे कुणी सांगितलं, तर त्याला पाथरीची ही हकिगत अवश्य सांग.

तुझा,
मामा