मागच्या अंगणातील चूल आणि तीन सह्या

आपल्या बेटावर एके काळी स्वयंपाकघर घरात नसे. घरामागच्या अंगणात ते वेगळे उभे असे. उसाच्या पाचटाने शाकारलेल्या घराला ठिणगीचे भय मोठे, म्हणून चूल दूर मांडावी, ही आपल्या पूर्वजांची साधी आणि शहाणी समजूत. पुढे पाचट गेले, पत्रे आले. पत्रे गेले, काँक्रीट आले. लाकडांच्या जागी गॅसची टाकी आली आणि चूल घरात शिरली. तथापि सणावाराला चाळीस पाने मांडायची झाली की आजही गृहिणीची पावले मागच्या अंगणाकडेच वळतात.

कास्कावेल गावातील एका निवृत्त गुरुजींच्या घराची हीच कथा. १९६० साली २८ फेब्रुवारीला कॅरोल वादळ बेटावर आदळले. ताशी २५६ किलोमीटर वेगाच्या झोतांनी हजारो घरे भुईसपाट केली. गुरुजी त्या वेळी नऊ वर्षांचे होते. वादळ ओसरल्यावर पाहतात तो स्वयंपाकघराचे छप्पर नाहीसे झालेले. चूल आणि पाटा मात्र जागच्या जागी! क्रेओलमध्ये आपण ज्याला रोश-कारी म्हणतो, तोच हा मसाला वाटण्याचा पाटा. वडिलांनी पत्रे आणून नवा आडोसा उभा केला आणि त्याखाली आईने पुढची पंचवीस वर्षे गणेशचतुर्थीचा नैवेद्य रांधला.

आई गेली. पत्रे गंजले. मोडक्या खुर्च्या आणि रिकामी पिंपे यांनी ती जागा व्यापली. सणाच्या दिवशी ताडपत्रीखाली चूल पेटू लागली. एका चतुर्थीला अवचित पावसाची सर आली, ताडपत्री कलली आणि उकळत्या आमटीचे पातेले सावरताना सुनेचा हात भाजला. त्या रात्री गुरुजींनी निश्चय केला: आईचे स्वयंपाकघर पुन्हा उभारायचे, आणि या वेळी पक्के.

गवंडी आला. ब्लॉकचे दोन थर चढले. तेवढ्यात कुंपणापलीकडून एका शेजाऱ्याने विचारले, "गुरुजी, परवाना काढला का?"

गुरुजींना तो प्रश्न बोचला. आपल्या अंगणात आपल्या आईची चूल मांडायची आणि त्यासाठी कोणाची परवानगी मागायची?

हा राग केवळ त्यांचा नव्हता; त्याला जुने मूळ होते. आपल्या पणजोबांच्या पिढीला कागद म्हणजे काय, ते चांगले ठाऊक होते. १८६७ च्या कायद्याने करार संपलेल्या मजुरालाही छायाचित्र लावलेले तिकीट आणि पोलिसांचा पास जवळ बाळगावा लागे. रस्त्यात तो दाखवता आला नाही तर भटक्या म्हणून अटक होई. त्या जाचाविरुद्ध १८७१ साली ९,४०१ जुन्या मजुरांनी अर्ज केला, आदोल्फ द प्लेवित्झ यांनी त्याला वाचा फोडली आणि पुढे चौकशीसाठी शाही आयोग नेमला गेला. ज्या घराण्यांच्या आठवणीत कागदाचा अर्थ असा साठलेला आहे, त्यांना सरकारी अर्ज पाहताच कपाळाला आठी पडावी, यात नवल नाही.

गुरुजी जिल्हा परिषदेच्या कचेरीत गेले ते भांडणाच्या तयारीने. खिडकीमागील तरुण मुलीने शांतपणे नियम समजावला. इमारतीचा परवाना आणि जमिनीच्या वापराचा परवाना पूर्वी वेगवेगळे होते. २००६ च्या कायद्याने ते एक झाले. २०११ च्या स्थानिक स्वराज्य कायद्याप्रमाणे अर्ज पूर्ण असेल तर चौदा कामकाजाच्या दिवसांत निर्णय मिळावा. जागेचा नकाशा हवा, बांधकामाचा आराखडा हवा, हद्दीपासून ठरावीक अंतर सुटलेले हवे. आणि सर्वांत आधी हवे जमिनीचे खरेदीखत.

खरेदीखत पत्र्याच्या पेटीत होते. फ्रेंच भाषेतील, नोटरीच्या शिक्क्याचे. पंधरा पर्श जमीन, नाव वडिलांचे. वडील जाऊन चाळीस वर्षे लोटली होती. मुलीने कागद पाहिला आणि विचारले, "वारस किती?"

"आम्ही दोघे भाऊ."

"बहीण नाही?"

गुरुजी क्षणभर थांबले. बहीण होती. सर्वांत थोरली, सुयाक गावी दिलेली आक्का. तिच्या मंगलाष्टकांनंतर या जमिनीच्या संदर्भात तिचे नाव घरात कोणी उच्चारले नव्हते. दोघा भावांनी तोंडी वाटणी करून मध्ये झाडांची रांग लावली होती आणि ती पुरेशी मानली होती. परंतु आपल्या बेटाची नागरी संहिता फ्रेंच वळणाची. तिच्या लेखी मुलगा आणि मुलगी यांचा वाटा सारखाच. वाटणीपत्र झाले नसेल तर जमीन तिघांची, आणि संमतीही तिघांची.

धाकट्या भावाशी तर सहा वर्षे बोलणेच नव्हते. कारण क्षुल्लक दिसे, पण ते दर पावसाळ्यात नवे होई: जुन्या पत्र्यांवरचे पाणी त्याच्या अंगणात पडे आणि भिंतीला ओल धरे.

नातीने फीत घेऊन अंगण मोजले आणि संगणकावर आराखडा काढला. नियमाप्रमाणे अंतर सोडताच भिंत धाकट्यांच्या हद्दीपासून आत सरकली. छपराचा उतार आपल्याच अंगणाकडे वळवावा लागला. छपराचे पाणी शेजाऱ्याच्या जमिनीत सोडू नये, हेही संहितेत लिहिलेलेच आहे. ज्या गोष्टीसाठी धाकटा भाऊ सहा वर्षे भांडत होता, ती कायद्याने दोनशे वर्षांपूर्वीच मान्य केली होती, हे गुरुजींना त्या कागदावर दिसले. ते काही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी ते बसने सुयाकला गेले. आक्कांनी चहा ठेवला, आराखडा चष्म्याजवळ धरला आणि बराच वेळ पाहिला.

"खिडकी कुठे आहे?" त्यांनी विचारले.

"मागे एक छोटी आहे, आक्का."

"आई चुलीपुढे बसे ती भिंतीकडे तोंड करून. सगळा धूर डोळ्यांत. दहा वर्षांची असल्यापासून मीही तिथे रोश-कारीवर मसाला वाटला. तुम्ही सगळे अंगणात हसत असायचा. आम्हाला फक्त आवाज यायचा." त्या थांबल्या. "समोर मोठी खिडकी काढ. मग सही करते."

"आक्का, वाट्याचे काही..."

"वाट्याचे मागाहून बोलू, आणि बोलायचे आहेच," त्या म्हणाल्या. "पण इतक्या वर्षांत त्या घराबद्दल मला कोणी काही विचारले, ते आज पहिल्यांदा."

परतताना गुरुजी बसमध्ये गप्प होते. संध्याकाळी ते झाडांची रांग ओलांडून भावाच्या दारात उभे राहिले. नवा आराखडा पुढे केला, छपराचा उतार बोटाने दाखवला आणि म्हणाले, "पाण्याचे तुझे म्हणणे बरोबर होते." धाकट्यांनी आधी आक्कांची सही पाहिली. मग आत जाऊन लेखणी आणली.

परवाना मुदतीत मिळाला. गवंड्याने जुने दोन थर काढून भिंत आत घेतली. त्यात गुरुजींचे थोडे पैसे वाया गेले, पण त्यांनी कुरकुर केली नाही.

मोका येथील महात्मा गांधी संस्थेत स्थलांतरितांच्या जुन्या नोंदी जतन केलेल्या आहेत. तेथून आणलेली पणजोबांच्या नोंदीची प्रत गुरुजींच्या पत्र्याच्या पेटीत आहे. तीवर नाव, गाव आणि क्रमांक आहे. त्या कागदासाठी पणजोबांना कोणी काही विचारले नव्हते. आता तिच्याशेजारी दुसरा कागद ठेवला आहे. त्यासाठी मात्र तिघांना विचारावे लागले. वाटणीपत्राचे काम अजून बाकी आहे आणि नोटरीकडे जाण्याचा दिवस तिघांनी मिळून ठरवायचा आहे.

यंदाच्या चतुर्थीला आक्का आदल्या दिवशीच आल्या. पाटा जुन्याच जागी होता. त्यांनी बाहेर पाहत मसाला वाटला, आणि अंगणात कोणी हसले की आतून विचारले, "काय झाले रे?"