शेवटच्या ओळीतलं नाव

उमरग्याहून हुमनाबादकडे. कानात बॅटलफिल्ड बँड. नावावरून रणगाडे आठवतात, पण बॅटलफिल्ड ही ग्लासगोतली एक वस्ती. १९६९ साली तिथे जमलेल्या पोरांचा हा मेळा. जुन्या स्कॉटिश चाली आणि त्यांना खेटून स्वतः बांधलेल्या. फिडल, मशकबाजा म्हणजे बॅगपाइप, पुढे तर सिंथेसायझरसुद्धा. जुनं कुठे संपलं ते कळत नाही. अर्थात बसच्या खिडक्याही खडखडत होत्या.

*

मशकबाजाच्या बासरीत जेमतेम नऊ स्वर. खालच्या कोमल निषादापासून वरच्या षड्जापर्यंत. आपल्या कानाला साधारण खमाज. आपल्याकडे सनईवाल्याशेजारी नुसता सूर धरून बसणारा एक माणूस लागतो. इथे पिशवीला जोडलेल्या तीन नळ्या ते काम करतात. पण हवा एकदा सुरू झाली की थांबत नाही, लहानमोठा आवाजही करता येत नाही. मग एकच स्वर दोनदा वाजवायचा कसा? मध्ये झटकन दुसऱ्या स्वराचा कण लावून. त्या वादनाची सगळी नजाकत या अडचणीतून आलेली आहे.

*

स्कॉटिश कवी रॉबर्ट बर्न्सही जुनी गाणी गोळा करायचा, तुटलेली सांधायचा, स्वतःची त्यांत मिसळायचा. ‘ऑल्ड लँग साइन’ त्याने पत्रातून पाठवलं ते एका म्हाताऱ्याच्या तोंडून उतरवून घेतलं म्हणून. त्यात त्याचं स्वतःचं किती, यावर अभ्यासक अजून वाद घालतात. चोर दुसऱ्याचं आपलं म्हणतो. हा पठ्ठ्या आपलं दुसऱ्याचं म्हणत होता.

*

माणिकनगर. हुमनाबादला लागूनच. इथले संत माणिकप्रभू. जन्म १८१७चा, समाधी १८६५ची. पदं मराठीत, कानडीत, हिंदी-उर्दूत, संस्कृतात. या मुलखात ते कौतुकाचं नाही. बाजारात एक किलो तूरडाळ घेतानाही तीन भाषा होतात. इथली रीत बर्न्सच्या उलटी. पद रचणारा शेवटच्या चरणात आपलं नाव गुंफतो. मुद्रा म्हणजे सहीच. संप्रदायाचं सप्तवार भजन आहे, वाराप्रमाणे पदं ठरलेली. नव्याला जुन्यात जागा मिळते ती अशी, वार लावून.

शब्दांना सही असते. चालीला कुठे असते?

*

दिल्लीच्या बीटिंग रिट्रीटमध्ये मराठा लाइट इन्फंट्रीचे मशकबाजे वाजतात. साज स्कॉटिश, पलटण आपली. २०२२मध्ये तिथून ‘अबाइड विथ मी’ हे ख्रिस्ती स्तोत्र गेलं. त्याचे शब्द हेन्री लाइटचे, जन्म स्कॉटलंडमधल्या एडनमचा. जागेवर आलं ‘ऐ मेरे वतन के लोगो’. चाल पुणतांब्याच्या सी. रामचंद्रांची. मला दोन्ही आवडतात, त्यामुळे कोणतं वाजावं या वादात माझा उपयोग नाही.

*

इकडे कर्नाटकात बॅटलफिल्ड बँडच्या जवळ जाणारा कोण? गायक रघु दीक्षित. जन्म नाशिकचा, वाढला म्हैसूरला. २००८च्या पहिल्या अल्बममध्ये स्वतःच्या गाण्यांशेजारी कानडी संतकवी शिशुनाळ शरीफांचं तत्त्वपद. गिटार जरा जास्त झाली असं मला वाटतं. पण शरीफ न ऐकलेल्या पोरांपर्यंत शरीफ पोचवले, हेही खरं. शरीफ १८१९चे, म्हणजे माणिकप्रभूंहून दोन वर्षांनी धाकटे.

*

भालकीकडच्या एका गावात गुरुवारचं भजन. पेटी, पखवाज, टाळ. एक पद कानडी, लगेच एक मराठी. टाळकऱ्यांना फरक नाही. मधल्या एका पदाची चाल मी आधी ऐकलेली नव्हती. चहाच्या वेळी पेटीवाल्या काकांना विचारलं, “ही चाल कुणाची?”

“पहिल्यापासूनची हाय की.”

बशीतला चहा संपवून म्हणाले, “मागल्या श्रावणात जरा वर नेली, इतकंच. खाली लई रडकी व्हायची.”