त्या एप्रिलची माणसं

माग थांबले की मालेगाव ओळखू येत नाही. मोसम नदीच्या पलीकडून रात्रभर येणारी यंत्रमागांची खडखड ऐकत आम्ही अलीकडच्या काठावर वाढलो. त्या आवाजात अभ्यास केला, त्याच आवाजात झोपलो. मार्च २०२० अखेर तो बंद पडला. "अरे, गाव मुकं झालंय," माझे वडील, नाना, फोनवर म्हणाले, "भरदुपारी पारव्यांचं घुमणं ऐकू येतंय." मी दुबईत होतो. माझ्या खिडकीखालचा शेख झायेद रस्ताही तसाच निपचित पडला होता.

परदेशातलं आमचं घर त्या दिवसांत एका टेबलाएवढं उरलं. त्यावर सकाळी मुलीची शाळा, दुपारी बायकोचं ऑफिस, रात्री पोळी-भाजी. २२ मार्चपासून शाळा पडद्यावर आल्या. ४ एप्रिलला चोवीस तास बाहेर पडायला बंदी लागली आणि दूध आणायलाही पोलिसांच्या संकेतस्थळावर परवाना काढावा लागू लागला. रात्री फवारणीच्या गाड्या रिकाम्या रस्त्यांवरून फिरायच्या. पगारकपातीचं पत्र आलं, ते आम्ही दोघांनी आपापलं वाचलं आणि त्यावर बोललो नाही. मालेगावात आठ वाजले की दुबईत साडेसहा. तेवढ्या वेळेवर घर तग धरून होतं. पडद्यावर नाना यायचे, आणि पहिला प्रश्न ठरलेला असायचा, "जेवलात का रे?"

८ एप्रिलला मालेगावात कोरोनाचे पहिले रुग्ण सापडले. मग रोज वाहिन्यांवर आमच्या गल्ल्यांची नावं. ज्या घरात खाली माग आणि वर माणसं, जिथे पाळीपाळीने झोपायला जागा मिळते, तिथे सहा फुटांचं अंतर कुठून आणायचं? भीतीने अनेक खासगी दवाखान्यांची शटरं खाली आली. साखर, रक्तदाब, दमा ही दुखणी मात्र टाळेबंदीत थांबली नाहीत.

नानांना कोरोना नव्हता. एका रात्री छातीत कळ आली. चुलतभाऊ त्यांना मोटारसायकलवर बसवून एका दारातून दुसऱ्या दारात फिरला. कुठे दार बंद होतं, कुठे आधी चाचणीचा कागद हवा होता. उजाडण्याआधी नाना गेले. चितेजवळ मोजकी माणसं होती आणि एकाच्या हातात उंच धरलेला मोबाईल. त्यातून मी वडिलांना अग्नी दिलेला पाहिला. गाव सील झालेलं. नाशिकचं रामकुंड शंभरेक किलोमीटरवर असून समुद्रापार असल्यासारखं. अस्थी स्मशानातल्या झाडाला बांधून ठेवल्या. दहाव्याचे मंत्र गुरुजींनी फोनवर सांगितले.

पलीकडच्या काठावर चाचा होते. नानांनी उभा जन्म त्यांच्या कारखान्याची खातेवही लिहिली. सुताचे भाव चढोत की पडोत, दिवाळीचा फराळ त्या घरी गेला आणि ईदचा शीरखुर्मा आमच्या घरी आला. नाना गेल्याचं कळलं तेव्हा चाचांना नदीवरचा पूल ओलांडता आला नाही. रमजानच्या पहिल्याच आठवड्यात तेही गेले. त्या एप्रिलमध्ये बड्या कब्रस्तानात कबरी खणणाऱ्यांना उसंत नव्हती. चाचांचा मुलगा शारजात होता, माझ्यापासून अर्ध्या तासावर. आम्हाला भेटता आलं नाही. फोनवर तो एवढंच म्हणाला, "भाई, मिट्टी भी नहीं दे सका."

चाचांचे पूर्वज १८५७ च्या बंडानंतर उत्तरेतून निघाले आणि हातमागाची विद्या घेऊन आग्रा रस्त्याने या गावात आले. मालेगावचे कितीतरी विणकर असेच आलेले. "हम पैदल आए थे, बेटा," हे चाचा अभिमानाने सांगायचे. त्या उन्हाळ्यात तोच मुंबई-आग्रा महामार्ग उलट दिशेने, गावाकडे चालणाऱ्या मजुरांनी भरला. डोक्यावर बोचकं, कडेवर लेकरू, पायांत फाटकी चप्पल. १ मे रोजी नाशिक रोडहून भोपाळकडे श्रमिक गाडी सुटली. तरी चालणारे चालतच राहिले. त्यांचे हाल माझ्या वाट्याला आले नाहीत, हे मी जाणतो. पण त्यांच्या पायांखाली रस्ता होता, याचा मला त्या दिवसांत हेवा वाटला. माझ्या आणि नानांच्या मध्ये पाणी होतं.

७ मे रोजी अडकलेल्यांना परत नेणाऱ्या 'वंदे भारत' मोहिमेची पहिली विमानं केरळकडे निघाली. आम्हीही नावं नोंदवून बसलो होतो. घरी पोहोचलो तोवर नानांच्या खोलीला कुलूप लागून महिने लोटले होते. लोक भेटायला येत होते ते परदेशाच्या गप्पा ऐकायला. रडण्याची वेळ निघून गेली होती.

मालेगाव सावरलं. मन्सुऱ्याच्या युनानी महाविद्यालयातला काढा गाजला, साथ आटोक्यात आणण्याच्या 'मालेगाव पॅटर्न'चं कौतुक झालं. ते खरंच आहे. या गावाने पुष्कळ सोसून ते मिळवलं. पण रुग्णांच्या यादीत नानांचं नाव नाही, चाचांचंही नाही. ते साथीने मेले नाहीत, साथीत मेले. बंद दारांनी किती माणसं नेली, त्याचा हिशेब त्या यादीत मावत नाही. खातेवहीतला एक पैसा चुकला तर रात्र जागवणाऱ्या माणसाचा मृत्यूच हिशेबाबाहेर राहिला.

म्हणून ज्यांच्या घरातून त्या उन्हाळ्यात कुणी गेलं, त्यांना माझं सांगणं आहे. त्या माणसाचं नाव, तारीख आणि तो कशाने गेला ते एका कागदावर लिहा, मुलांना वाचून दाखवा. सुतक राहून गेलं असेल तर आता पाळा. दूरदेशी असलेल्या भावाला बोलवा, शेजाऱ्याला बोलवा, एकत्र जेवा आणि गेलेल्याविषयी मोकळेपणाने बोला. त्यांचा शोक आपण अजून पुरता केलेला नाही, आणि तो करणं आपल्यावर बाकी आहे.